नेपोलियनची परीक्षा

जूनच्या मध्यात एके दिवशी सकाळी आठ वाजता फ्रान्समधली पाच लाखांहून जास्त मुलं तत्त्वज्ञानाचा पेपर लिहायला बसतात. वेळ चार तास. दोन निबंधविषय आणि एक उतारा, त्यांतला एकच सोडवायचा. दुपारपर्यंत प्रश्न रेडिओवर पोचलेले असतात आणि संध्याकाळी जेवताना घरोघरी त्यांवर वाद रंगतो. बाकालोरेआ या शालान्त परीक्षेचा हा सगळ्यात गाजणारा पेपर. गंमत अशी की पुढच्या वर्षी कुठे शिकायचं, याचा निकाल तोवर बहुतेकांच्या हाती पडलेला असतो. उच्च शिक्षणाचे प्रवेश ‘पारकूरस्युप’ या सरकारी संकेतस्थळावरून होतात आणि तिथली पहिली उत्तरं मेअखेरीला किंवा जूनच्या आरंभी येतात. म्हणजे प्रवेश आधी, पेपर नंतर. शिवाय परीक्षेला बसलेल्या दहांतले नऊ पास होतातच. तरीही ती मोडीत काढायचा विषय निघाला, की देशभर गदारोळ उठतो.

या जिव्हाळ्याचं मूळ १८०८ सालात आहे.

त्या वर्षी १७ मार्चला नेपोलियनने ‘शाही विद्यापीठा’चा हुकूम काढला. हे आपल्या ओळखीचं विद्यापीठ नव्हे. देशातले सगळे सरकारी शिक्षक एका पलटणीत भरती करणारं आणि शाळा काढायलाही ज्याची परवानगी लागायची असं ते एक अवाढव्य खातं होतं. त्याच हुकुमात तीन पदव्या ठरल्या: बाकालोरेआ, लिसान्स आणि डॉक्टरेट. पहिलीसाठी उमेदवार किमान १६ वर्षांचा हवा आणि वरच्या वर्गांत शिकवलेल्या सगळ्या विषयांवर त्याला उत्तरं देता यायला हवीत. १८०९ च्या पहिल्या खेपेला ३१ जण उत्तीर्ण झाले, असं सांगतात. परीक्षा संपूर्ण तोंडी होती आणि भर ग्रीक-लॅटिन ग्रंथकारांवर.

या हुकुमातली खरी मेख वेगळीच आहे. परीक्षा शाळेच्या शेवटी होते, पण कायद्याच्या लेखी ती विद्यापीठाची पहिली पदवी आहे. आजही प्रत्येक परीक्षक मंडळाचं अध्यक्षपद रीतीने विद्यापीठातल्या प्राध्यापकाकडे असतं. आपल्याकडे न्यायमूर्ती रानडे १८५९ मध्ये मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक झाले. तीही विद्यापीठाचीच परीक्षा, पण ती होऊन माणूस विद्यापीठाच्या उंबऱ्याशी पोचायचा. फ्रेंच मुलगा बाकालोरेआ झाला की उंबरा ओलांडून आत आलेला असतो. पहिली पदवी ज्याच्या खिशात आहे, त्याला दुसरीच्या वर्गात बसू नको कसं म्हणणार? पुढच्या दोनशे वर्षांतली फ्रान्सची बरीच शैक्षणिक भांडणं या एका प्रश्नावर झाली आहेत.

परीक्षेच्या आधी शाळा आली होती. १ मे १८०२ च्या कायद्याने ‘लिसे’ नावाच्या सरकारी माध्यमिक शाळा निघाल्या. नेपोलियनला त्यांतून लष्करी अधिकारी आणि राज्यकारभार हाकणारी माणसं हवी होती आणि शाळेचं रूपही तसंच होतं. मुलं वसतिगृहात राहायची, गणवेश घालायची. त्यांच्या तुकड्या पाडलेल्या असत आणि तुकडीवर मुलांमधलाच सार्जंट असे. तास सुरू झाल्याचं आणि संपल्याचं नगारा सांगायचा. कायद्याने ६,४०० शिष्यवृत्त्या ठेवल्या होत्या, पण त्यांतल्या मोठ्या हिश्श्यावर सैनिकांच्या आणि अधिकाऱ्यांच्या मुलांचा हक्क होता.

शिस्त लष्कराची असली, तरी अभ्यासक्रम जुन्या धर्मगुरूंचा होता. क्रांतीपूर्वी फ्रान्समधलं माध्यमिक शिक्षण बऱ्याच अंशी जेझुइटांच्या हाती होतं. पॅरिसचं लुई-ल-ग्राँ त्यांनी १५६३ मध्ये काढलं. मोलिएर आणि व्होल्तेर तिथले विद्यार्थी. जेझुइटांची हकालपट्टी झाल्यावर त्याच बाकांवर रोबेस्पिएर बसला. वर्ग उलटे मोजण्याची रीतही त्याच जुन्या शाळांतली. अकराव्या वर्षी मूल ‘सहाव्या’त जातं, मग पाचव्यात, चौथ्यात, असं करत ‘पहिल्या’त येतं आणि त्यापुढे ‘तेर्मिनाल’ म्हणजे शेवटचा वर्ग. आज सहाव्यापासून तिसऱ्यापर्यंतच्या चार वर्षांना ‘कोलेज’ म्हणतात आणि उरलेल्या तिनांना ‘लिसे’. मराठी कानाला कोलेज म्हणजे पदवीचं ठिकाण वाटेल. तिथे ते अकरा ते पंधरा वर्षांच्या मुलांचं आहे.

लिसेचा साचा देशाबाहेरही गेला. पोर्तुगालने १८३६ मध्ये फ्रान्सकडे पाहून आपल्याकडे ‘लिसेव’ सुरू केल्या आणि त्यांतलीच एक १८५४ मध्ये पणजीत निघाली. आल्तिन्योवरच्या त्या लायसियमच्या आवारात पुढे कित्येक वर्षं मुंबई उच्च न्यायालयाचं गोवा खंडपीठ भरत होतं.

एकोणिसाव्या शतकातल्या लिसेचा कणा होता लॅटिन. नुसतं वाचता येणं पुरेसं नव्हतं. लॅटिनमध्ये भाषण रचायचं, पद्य जुळवायचं. आर्त्युर रँबो नावाच्या शार्लव्हिलच्या पोराने १८६९ मध्ये लॅटिन पद्याच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मारलं. पुढे त्याने फ्रेंच कविता उलथीपालथी केली, पण बाकालोरेआ कधी दिली नाही. एमिल झोलाने दिली आणि १८५९ मध्ये एकदा पॅरिसला, एकदा मार्सेला, अशी दोनदा नापास होऊन दाखवली. लॅटिनला व्यवहारात उपयोग नव्हता, हीच त्याची किंमत होती. सात-आठ वर्षं फी भरून बिनउपयोगाची भाषा शिकवणं फक्त सुखवस्तू घरालाच परवडायचं, त्यामुळे लॅटिन येणाऱ्याचं घराणं न विचारताही कळायचं.

बाकीच्यांसाठी वेगळी शाळा होती. शिक्षणमंत्री ज्यूल फेरीने १८८१ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत केलं आणि १८८२ मध्ये सक्तीचं व धर्मनिरपेक्ष. फ्रान्सच्या प्रजासत्ताकाला त्याचा रास्त अभिमान आहे. पण त्या मोफत शाळेतून निघालेला रस्ता लिसेकडे जात नव्हता. तिथलं मूल बारा-तेराव्या वर्षी ‘सेर्तिफिका देत्युद’ची परीक्षा देऊन कामाला लागायचं; हुशार असलं तर वरच्या प्राथमिक शाळेतून शिक्षक नाहीतर कारकून व्हायचं. लिसेला स्वतःचे प्राथमिक वर्ग होते, तेही फी घेणारे. वकिलाचा मुलगा सहाव्या वर्षी तिथे शिरायचा आणि अठराव्या वर्षी बाकालोरेआ होऊन बाहेर पडायचा. शेजारच्या गल्लीतल्या सुताराच्या पोराशी त्याची वर्गात एकदाही गाठ पडत नसे. एका देशात दोन शाळा, आणि त्या दर्जापेक्षा गिऱ्हाइकावरून ठरलेल्या. १९०० च्या सुमाराला एका पिढीतल्या शंभर मुलांमागे जेमतेम एकाला बाकालोरेआ मिळत होती.

मुलींचा तर हिशोबच नव्हता. त्यांनी परीक्षेला बसू नये असं कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं, कारण कुणी बसेल असं कुणाला वाटलंच नव्हतं. ज्युली-व्हिक्त्वार दोबिए या शिक्षिकेने नेमकं तेच हेरलं. व्होझ भागात १८२४ मध्ये जन्मलेल्या या बाई भावाकडून लॅटिन-ग्रीक शिकल्या होत्या आणि गरीब बायकांच्या मजुरीवरच्या त्यांच्या प्रबंधाला ल्यों अकादमीने १८५९ मध्ये बक्षीस दिलं होतं. अर्ज नाकारले जात राहिले. अखेर ल्योंचे रेशीमव्यापारी आर्लेस-द्युफूर यांनी आपलं वजन खर्ची घातलं आणि ऑगस्ट १८६१ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, दोबिए परीक्षकांपुढे उभ्या राहिल्या. तेव्हा गुण आकड्यांत देत नसत. परीक्षक गोळ्या टाकत: लाल म्हणजे पसंत, पांढरी म्हणजे ठीक, काळी म्हणजे नापसंत. दोबिएंच्या वाट्याला सहा लाल, तीन पांढऱ्या आणि एक काळी आली. उत्तीर्ण तर झाल्या, पण पदवीपत्रावर सही करायला शिक्षणमंत्री गुस्ताव्ह रूलाँ यांचा हात धजेना. त्यासाठी पुन्हा वजन वापरावं लागलं.

एक बाई आत शिरल्या म्हणून दरवाजा उघडला असं झालं नाही. १८८० च्या, खासदार कामिय से यांच्या कायद्याने मुलींसाठी सरकारी लिसे निघाल्या, पण अभ्यासक्रमात लॅटिन ठेवलं नाही. लॅटिन नाही म्हणजे बाकालोरेआची तयारी नाही. मुलींना शेवटी एक स्वतंत्र प्रमाणपत्र मिळे, ज्यावर विद्यापीठात प्रवेश मिळत नसे. चांगल्या घरची सून आणि प्रजासत्ताकवादी नवऱ्याची सुजाण बायको तयार करणं, एवढाच तो बेत होता. ज्यांना पुढे शिकायचं होतं, त्या खासगी शिकवण्या लावून लॅटिन शिकत. मुलांचा आणि मुलींचा अभ्यासक्रम एक व्हायला १९२४ साल उजाडलं.

लॅटिनचा एकछत्री अंमलही तोवर ढिला झाला होता. १९०२ च्या सुधारणेने बाकालोरेआच्या चार शाखा केल्या आणि लॅटिन न शिकता विज्ञान व आधुनिक भाषा घेणाऱ्याची पदवीही कायद्याने तितकीच खरी ठरली. पण फक्त कायद्याने; दिवाणखान्यातल्या गप्पांत तिला तेवढा मान नव्हता.

फी गेली ती १९३० ते १९३३ या काळात, टप्प्याटप्प्याने. आता खरं तर सुताराच्या मुलाला लिसे मोकळी व्हायला हवी होती. पण फी जाते न जाते तोच ‘सहाव्या’त शिरण्यासाठी प्रवेशपरीक्षा आली. फ्रेंच माध्यमिक शिक्षणाच्या इतिहासात हा प्रकार इतक्या वेळा घडला आहे की त्याला योगायोग म्हणवत नाही. एक चाळणी काढली की तिच्या जागी थोड्या बारीक भोकांची दुसरी येते आणि तिचं नाव बहुधा ‘गुणवत्ता’ असतं.

त्या जुन्या दोन शाळांमधली भिंत ओलांडायला केवढा खटाटोप लागायचा, याचं सगळ्यात ठाऊक असलेलं उदाहरण अल्जीरियातलं आहे. आल्बेर काम्यूचे वडील १९१४ च्या मार्नच्या लढाईत जखमी होऊन गेले, आई लोकांची घरकामं करायची आणि घर आजीच्या हुकमतीत चालायचं. आजीचं म्हणणं, पोराने आता कमवायला लागावं. प्राथमिक शाळेतले गुरुजी लुई जेर्माँ यांनी तिची समजूत काढली, शाळा सुटल्यावर फुकट शिकवलं आणि १९२४ मध्ये काम्यू शिष्यवृत्ती मिळवून अल्जिअर्सच्या लिसेत दाखल झाला. १९५७ मध्ये नोबेल मिळाल्यावर त्याने जेर्माँ यांना कृतज्ञतेचं पत्र लिहिलं आणि स्वीडनमधली भाषणं पुस्तकरूपात त्यांनाच अर्पण केली. फ्रान्समध्ये ही गोष्ट प्रजासत्ताकाच्या शाळेचा विजय म्हणून सांगतात. तिची दुसरी बाजू फार कुणी उच्चारत नाही: ज्यांना जेर्माँ भेटले नाहीत, ते त्या वर्गातले बाकीचे कुठे गेले?

दोन शाळा एक करायचा पहिला नेटाचा प्रयत्न झाँ झे या तरुण मंत्र्याने १९३६ नंतर केला. त्याने सक्तीच्या शिक्षणाचं वय चौदावर नेलं. मोठा आराखडा संसदेतच अडकला. दुसऱ्या महायुद्धात व्हिशी राजवटीने त्याला तुरुंगात टाकलं आणि जून १९४४ मध्ये तिच्याच निमलष्करी टोळीने त्याला ठार केलं. युद्धानंतर लान्जव्हँ-व्हालों समितीने सगळ्या मुलांसाठी एकच शाळा सुचवणारा अहवाल १९४७ मध्ये दिला. तो तेव्हापासून आदराने उद्धृत केला जातो. अमलात कधी आला नाही.

शेवटी काम केलं ते लोकसंख्येने. युद्धानंतर जन्मलेली भरघोस पिढी शाळेच्या दाराशी आली होती आणि कारखान्यांना शिकलेले हात हवे होते. जानेवारी १९५९ मध्ये द गोलच्या सरकारने सक्तीचं वय सोळा केलं. म्हणजे प्रत्येक मुलाला माध्यमिक शाळेत जागा हवी. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापासून ‘दिवसाला एक कोलेज’ या वेगाने इमारती उठू लागल्या, कारखान्यात तयार केलेले भाग आणून जागेवर जोडायचे, अशा. त्या घाईची किंमत ६ फेब्रुवारी १९७३ च्या संध्याकाळी कळली. पॅरिसच्या एकोणिसाव्या विभागातलं एदुआर पायरों कोलेज पेटलं आणि बघता बघता कोसळलं. २० जण गेले, त्यांत १६ मुलं होती. दोन विद्यार्थ्यांनी आग लावल्याचं निष्पन्न झालं, पण लोखंडी सांगाड्याची ती इमारत इतक्या झटपट का कोसळली, या प्रश्नाने देश हादरला आणि शाळांच्या आगप्रतिबंधक नियमांचा नव्याने विचार झाला.

छप्पर एक झालं, तरी त्याखाली मुलांचे तीन प्रवाह होते: एक लिसेकडे नेणारा, दुसरा थोडक्यात आटोपणारा, तिसरा हातकामाचा. शिक्षकही वेगवेगळे. शिक्षणमंत्री रने आबी यांच्या ११ जुलै १९७५ च्या कायद्याने हे प्रवाह बंद केले आणि १९७७ पासून सहाव्यात जाणाऱ्या सगळ्यांना एकच कोलेज, एकच अभ्यासक्रम मिळाला. पालक मात्र हुशार. जर्मन ही कठीण भाषा समजली जाते, म्हणून ती घेणारी मुलं अभ्यासू. त्यांचा एक वर्ग होतो, तो शाळेतला ‘चांगला वर्ग’. जर्मनीबद्दल काडीचं प्रेम नसलेल्या कुटुंबांनीही मग मुलाला पहिली परकीय भाषा म्हणून जर्मन द्यायला सुरुवात केली. लॅटिन ऐच्छिक म्हणून उरलं होतं, तेही याच कामाला आलं. राहत्या पत्त्यावरून शाळा ठरवणारा नियम १९६३ पासून होता. चांगल्या वस्तीतल्या आजीचा किंवा आत्याचा पत्ता अर्जावर टाकणं हा त्यावरचा उपाय. पुण्या-मुंबईतल्या पालकांना यात नवल वाटायचं कारण नाही.

मधल्या काळात मे १९६८ चं विद्यार्थ्यांचं आणि कामगारांचं आंदोलन होऊन गेलं. संपामुळे लेखी परीक्षा घेणंच अशक्य झालं, तेव्हा त्या वर्षीची बाकालोरेआ फक्त तोंडी झाली. एरवी साठ टक्क्यांच्या आसपास असणारा निकाल एक्याऐंशीवर गेला. ‘६८ची बाकालोरेआ’ हा पुढे टिंगलीचा विषय झाला, फुकटात वाटलेली पदवी म्हणून. एरिक मोरँ आणि सँड्रा मॅकनॅली या अर्थतज्ज्ञांनी चाळीस वर्षांनी त्या पिढीचा माग काढला, तेव्हा वेगळंच चित्र दिसलं. एरवी जे काठावर नापास झाले असते आणि त्या वर्षी तरून गेले, ते पुढे जास्त शिकले, त्यांना नोकऱ्या बऱ्या मिळाल्या आणि त्यांची मुलंही शाळेत पुढे राहिली. दर्जा घसरल्याची ओरड करणाऱ्यांना हा निष्कर्ष फारसा रुचला नाही.

लॅटिनची गादी आता गणिताकडे आली होती. साठच्या दशकातल्या फेररचनेत गणित-भौतिकीची ‘सी’ शाखा झाली आणि पाहता पाहता ती सर्वांत वरची ठरली. साहित्याची आवड असलेलं मूलही गुण चांगले असतील तर ‘सी’ घ्यायचं, कारण पुढची सगळी दारं तिथून उघडत. १९९५ मध्ये शाखांची नावं बदलली, ‘सी’ची जागा ‘एस’ने घेतली, पालकांचं गणित बदललं नाही.

१९८५ मध्ये शिक्षणमंत्री झाँ-पिएर शव्हेनमाँ यांनी लक्ष्य जाहीर केलं: पिढीतल्या ८० टक्के मुलांना बाकालोरेआच्या पातळीपर्यंत न्यायचं. तेव्हा ती मिळवणारे तीस टक्केही नव्हते. त्याच वर्षी ‘व्यावसायिक बाकालोरेआ’ निर्माण झाली. गवंडी, वीजतंत्री, स्वयंपाकी घडवणाऱ्या शाळांनाही आता नेपोलियनची पदवी मिळणार होती. १९९५ पर्यंत प्रमाण बासष्ट टक्क्यांच्या वर गेलं, आज ते ऐंशीच्या आसपास आहे. पण मुलं एकाच रस्त्याने तिथे पोचत नाहीत. सामान्य, तांत्रिक आणि व्यावसायिक असे तीन मार्ग तिसऱ्याच्या वर्षात, पंधराव्या वर्षाच्या आसपास, फुटायला लागतात. कामगारवस्तीतली मुलं कुठल्या मार्गाने जास्त जातात, हे वेगळं सांगायला नको. व्यावसायिक बाकालोरेआ घेऊन विद्यापीठात जायचा हक्क कागदोपत्री पूर्ण आहे. तिथे टिकणारे फार थोडे.

हक्क सगळ्यांचा, म्हणून विद्यापीठाने निवड करायची नाही. अलेन दव्हाके या मंत्र्याने १९८६ मध्ये विद्यापीठांना थोडी मोकळीक देणारं विधेयक आणलं, तर विद्यार्थी लाखोंनी रस्त्यावर आले. डिसेंबरच्या एका रात्री पोलिसांच्या मारहाणीत मालिक उसेकिन हा २२ वर्षांचा विद्यार्थी मरण पावला. विधेयक मागे घेतलं गेलं, दव्हाके पायउतार झाले. त्यानंतर तीस वर्षं प्रवेशाच्या निवडीचं नाव काढायला मंत्री कचरत. गंमत म्हणजे देशातली सगळ्यात कडक निवड याच काळात बिनबोभाट चालू होती. बाकालोरेआनंतर मोठ्या लिसेमध्येच दोन वर्षांचे ‘प्रेपा’ वर्ग असतात. तिथे रात्रंदिवस घासून मुलं एकोल पोलितेक्निक, एकोल नोर्माल यांसारख्या ‘ग्राँद एकोल’च्या स्पर्धापरीक्षा देतात. या दोन्ही संस्था १७९४ च्या, म्हणजे बाकालोरेआहूनही जुन्या. विद्यापीठ सर्वांना मोकळं आणि सत्तेचा जिना भलतीकडेच, अशी ही व्यवस्था. समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्दिय यांनी झाँ-क्लोद पास्सरों यांच्याबरोबर १९६४ मध्ये ‘वारसदार’ या अर्थाच्या नावाचं पुस्तक लिहून ती उघडी पाडली. बेआर्नच्या एका खेड्यातल्या पोस्टातल्या नोकरदाराचा मुलगा असलेला बूर्दिय पो शहरातल्या लिसेत वसतिगृहात राहिला, मग लुई-ल-ग्राँच्या प्रेपात आणि तिथून एकोल नोर्मालमध्ये गेला होता. जिन्याच्या पायऱ्या त्याने स्वतः मोजल्या होत्या.

हक्काच्या तत्त्वाची हद्द २०१७ मध्ये गाठली गेली. मानसशास्त्र, कायदा, क्रीडाशास्त्र अशा विषयांना जागांपेक्षा अर्ज जास्त आणि निवड करायला कायद्याची मनाई, म्हणून काही विद्यापीठांनी चक्क चिठ्ठ्या टाकल्या. पुढच्याच वर्षी पारकूरस्युप आलं. आता विद्यापीठं शेवटच्या दोन वर्षांच्या गुणपत्रिका पाहून क्रम लावतात. पदवी असलेल्या मुलाला कुठेतरी जागा देण्याची जबाबदारी सरकारची, पण हव्या त्या ठिकाणी नाही. २०२१ पासून बाकालोरेआही बदलली. सामान्य मार्गातल्या शाखा गेल्या, विद्यार्थी खास विषय आधी तीन आणि मग दोन निवडतात, ४० टक्के गुण वर्षभराच्या कामावर आणि शेवटी वीस मिनिटांची मोठी तोंडी परीक्षा. खास विषयांचे पेपर पारकूरस्युपमध्ये धरता यावेत म्हणून २०२३ मध्ये ते मार्चमध्ये घेऊन पाहिले, तर एप्रिलनंतर वर्ग ओस पडले. २०२४ पासून ते पुन्हा जूनमध्ये आले.

पॅरिसमध्ये आणखी एक बदल झाला. शहरातली मुलं कोलेजमधून लिसेत जाताना पत्ता, गुण आणि घरची परिस्थिती यांच्या आधारे एक संगणकीय प्रणाली जागा वाटते. लुई-ल-ग्राँ आणि आंरी-कात्र या दोन सर्वांत नावाजलेल्या लिसे मात्र या व्यवस्थेबाहेर राहून आपले विद्यार्थी स्वतः गुणपत्रिका चाळून निवडत. २०२२ पासून त्यांनाही प्रणालीत आणलं गेलं. दर्जा बुडेल म्हणून शिक्षकांनी आणि पालकांनी विरोध केला, पण निर्णय टिकला. त्याच इमारतींमधल्या प्रेपा वर्गांना हा नियम लागू नाही. तिथले प्राध्यापक आजही देशभरातून आलेल्या अर्जांचे गठ्ठे वाचून आपली मुलं स्वतःच निवडतात.